बाण काढलेला चिमटा

आमच्या हॉस्पिटलात एक माणूस होता, तो खिशाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून फिरायचा. वेडा नव्हता. हॉस्पिटलचे सगळे सर्व्हर आणि त्यांचं नेटवर्क तो एकटा सांभाळायचा, आणि माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्याइतका शहाणा माणूस मी पाहिला नाही. तो गेला त्याला आता चार महिने झाले. त्याची गोष्ट सांगताना मी स्वतःला सोडणार नाही. इतकी वर्षं सोडलं तेवढं पुरे झालं.

मी तिथल्या लॅबमध्ये रक्त तपासायचे. माझा स्वभाव अख्ख्या इमारतीला ठाऊक होता. राग नाकावर, आणि तोंडात तीळ भिजत नाही. म्हणजे लोक तसं म्हणायचे. एक गोष्ट मात्र या तोंडात सात वर्षं भिजत पडली, ती कुणाला कळली नाही.

त्याला ‘वाटाड्या’ हे नाव आम्हीच ठेवलं. नवा लागला तेव्हा कुणी विचारायची खोटी, की अहो, हे नेटवर्क म्हणजे नेमकं काय, की हा लगेच टेबलावर पेन, कपबशी, स्टेपलर मांडून रस्ते दाखवायला लागायचा. ‘‘हा तुमचा कॉम्प्युटर, ताई. ही कपबशी म्हणजे सर्व्हर. मधे ही पाच वळणं. प्रत्येक वळणावर एक जण बसलाय आणि त्याला फक्त पुढचं वळण माहीत आहे. आख्खा रस्ता कुणालाच माहीत नसतो, तरी पाकीट पोचतं.’’ मी म्हटलं, ‘‘वाटाडेच आहात की हो तुम्ही!’’ झालं. त्या दिवसापासून शिपायापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळ्यांचा तो वाटाड्या. पगाराच्या पावतीवर काय नाव यायचं, देव जाणे.

स्क्रीन बंद पडली की बाकीचे वायरी उपटत सुटायचे. हा आधी खुर्ची ओढून बसायचा. शर्टाच्या टोकाने चष्मा पुसायचा. मग एक पाकीट पाठवून बघायचा, ते कितव्या वळणापर्यंत जातं ते मोजायचा, आणि हळूच म्हणायचा, ‘‘जाणाऱ्याची वाट सगळे बघतात. परत येणाऱ्याची कोण बघणार?’’ त्याचं म्हणणं असं, की अर्ध्या भानगडी परतीच्या वाटेवरच असतात. आपला प्रश्न सर्व्हरपर्यंत नीट पोचलेला असतो. सर्व्हर उत्तरही देतो. पण सर्व्हरला दोन दारं असली आणि कोणत्या दाराने उत्तर धाडायचं हे त्याला सांगितलेलं नसलं, की तो आपला नेहमीच्या दाराने धाडून देतो. उत्तर भलतीकडेच जातं आणि आपण इकडे स्क्रीनकडे बघत बसतो.

‘‘म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं,’’ मी म्हणायचे. ‘‘भाजी आणायला घरातून नीट निघतात. परत येताना मित्राच्या ओट्यावर सापडतात.’’

तो असा काही हसायचा की चष्मा पुन्हा पुसावा लागायचा.

आता चिमट्याचं सांगते, कारण सगळं त्यावरच अडलंय. सर्व्हरला एखादी वाट सांगायची तर दोन पद्धती. एक तोंडी. म्हणजे हुकूम टाइप केला की तो लगेच ऐकतो, पण ध्यानात ठेवतो ते फक्त चालू असेपर्यंत. बंद करून पुन्हा चालू केला की पाटी कोरी. दुसरी लेखी. तीच ओळ त्याच्या फाईलमध्ये घालून ठेवायची, म्हणजे दर वेळी उठला की तो वाचतो. मग सरळ फाईलमध्येच का लिहायचं नाही? तर तिथे चुकीचं लिहिलं गेलं तर सर्व्हर उठतानाच अडकून बसायचा. म्हणून आधी तोंडी सांगायचं, दोन-चार तास सगळं सुरळीत चालतंय ना ते बघायचं, मगच लिहायचं. त्या दोन-चार तासांचाच काय तो धोका. तेवढ्यात दुसरं काम निघालं, माणूस विसरला, की संपलं. आज सगळं चालतंय म्हणून कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि मग कधीतरी सर्व्हर बंद पडून उठेल तेव्हा वाट गायब.

त्यावर वाटाड्याचा उपाय म्हणजे चिमटा. बायकोच्या दोरीवरचा एक लाकडी चिमटा त्याने उचलून आणला होता, एका पायावर बॉलपेनने बाण काढला होता. तोंडी वाट सांगितली की चिमटा खिशाला लावायचा. फाईलमध्ये लिहिली की काढून टेबलाच्या खणात. चिमटा खिशाला आहे म्हणजे काम अर्धवट आहे, घरी जायचं नाही. ‘‘डायरीत लिहून ठेवा की,’’ मी म्हटलं होतं. तर म्हणे, ‘‘डायरी उघडावी लागते, ताई. चिमट्याला लोक हसतात. लोक हसले की आठवतं.’’

हे त्याने मला स्वतः समजावून सांगितलेलं. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

रस्त्यापलीकडे हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहिली. अतिदक्षता विभाग तिकडे गेला. लॅब आणि सर्व्हर जुन्या इमारतीतच राहिले. नव्या इमारतीतल्या स्क्रीनवर आमचे रिपोर्ट दिसावेत म्हणून वाटाड्याने सर्व्हरला दुसरं दार करून दिलं, आणि एका गुरुवारी दुपारी त्या दाराची वाट तोंडी सांगितली. तिकडच्या नर्सने टाळ्या वाजवल्या म्हणे. वाटाड्या चिमटा लावून लॅबमध्ये आला आणि मला म्हणाला, ‘‘सहा वाजेपर्यंत बघतो, मग लिहितो. तोवर तुम्ही हसा.’’

साडेचारला त्याला फोन आला. शेजारणीचा. त्याची बायको न्हाणीघरात पडली होती, शुद्ध नव्हती, रिक्षात घालून इकडेच आणत होते. तो धावत अपघात विभागात गेला आणि त्याच्यामागे मी गेले. एकट्याला कसं सोडणार? वहिनींना आत नेलं. अर्धं अंग गेलं होतं. बाहेर खिडकीवरच्या कारकुनाने ह्याच्यापुढे कागद सरकवले, आणि सही करताना त्याच्या खिशाकडे बघून तो मेला दात काढून म्हणतो, ‘‘काय साहेब, दोरीवरून थेट इकडेच?’’

माझं डोकं फिरलं. माणसाची बायको आत पडलीय आणि तुला विनोद सुचतायत? मी त्या कारकुनाला असा झाडला की रांगेतले लोक मागे सरले. आणि झाडता झाडता वाटाड्याच्या खिशाचा चिमटा मी ओढून काढला आणि माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला. पुन्हा कुणी हसायला नको म्हणून. त्याचं लक्षसुद्धा नव्हतं. तो सही करत होता.

मनात होतं की संध्याकाळी देऊ. संध्याकाळी वहिनींना मोठ्या इस्पितळात हलवलं, तो त्यांच्याबरोबर गेला. अ‍ॅप्रन मी लॅबच्या कपाटात टांगला. त्याचा खिसा जरा उसवला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी नवा घातला. वाटाड्या तीन आठवडे रजेवर होता. परत आला तेव्हा अर्धा उरला होता, आणि खिशाला चिमटा नव्हता. चिमटा नाही म्हणजे काम पुरं. त्याचा सगळा भरवसा त्या चिमट्यावर, तो कशाला पुन्हा बघेल? नवी वाट सांगायची वेळ आली नाही, म्हणून खणात चिमटा शोधायचीही वेळ आली नाही. आणि मी? मी साफ विसरले. त्यापुढे अकरा महिने सगळं उत्तम चाललं. सर्व्हर एकदाही बंद पडला नाही.

मग तो रविवार आला. माझी आई नव्या इमारतीत होती, अतिदक्षता विभागात. किडन्या थकल्या होत्या, पण दोन दिवसांत घरी सोडतो म्हणाले होते. सकाळी नऊला रक्त पाठवलं, पोटॅशियम बघायला. ते फार वाढलं तर हृदय थांबतं. वेळेत कळलं तर इंजेक्शनं देऊन खाली आणतात. मी हजार वेळा तपासलेली गोष्ट. त्या दिवशी मी रजेवर होते, आईच्या उशाशी बसले होते, आणि ती मला सांगत होती की घरी गेल्यावर पहिली खिडकीची जाळी पुसून घे, फार धूळ बसलीय.

त्याच वेळी जुन्या इमारतीत वायरमन सर्व्हरच्या बॅटऱ्या बदलत होता. त्यासाठी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. सगळी परवानगी घेऊन, रीतसर.

नर्सच्या स्क्रीनवर नुसतं चक्र फिरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट बघतो आणि ठरवतो. चक्र फिरतंय. नव्या इमारतीतले फोनही त्याच सर्व्हरवरून चालायचे, तेही मुके. लॅबच्या एकुलत्या एका बाहेरच्या फोनवर सगळी इमारत तुटून पडलेली, तो लागेना. आई म्हणाली, छातीत कसंतरी होतंय. मी म्हटलं, मरो ती स्क्रीन, मीच रिपोर्ट आणते. चार जिने उतरले, रस्ता ओलांडला, दोन फाटकं, लॅब. आकडा छापील तयार होता, केव्हाच पाठवूनही झाला होता. सात पूर्णांक दोन. पाचाच्या आत हवा. कागद घेऊन मी परत पळाले. चौथा जिना चढताना मला पडदा ओढल्याचा आवाज आला.

कागद मी कुणाला दिला ते मला आठवत नाही.

नंतर डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट वेळेत आला असता तर वाचल्याच असत्या असं छातीठोक सांगता येणार नाही. नसत्या वाचल्या असंही नाही.

वाटाड्याला घरून बोलावलं होतं. नव्या दोघा इंजिनिअरांनी तोवर पलीकडच्या वायरी तपासल्या, यंत्रं बंद-चालू केली, घामाघूम झाले. वाटाड्याने खुर्ची ओढली. ते दोघं मला पुढे सांगत होते, की त्याने नऊ मिनिटांत शोधलं. तो म्हणाला, ‘‘प्रश्न येतायत. उत्तरं निघतायत. चुकीच्या दाराने निघतायत.’’ मग वाटांचा तक्ता उघडला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. ती ओळ नव्हतीच. तेव्हा त्याचा हात आपोआप खिशाकडे गेला, म्हणे.

ओळ त्याने टाकली, सगळ्या स्क्रीन जाग्या झाल्या. फाईलमध्येही लिहिली. आणि मग त्याला सांगितलं, की पलीकडे कोण गेलं.

मोठे साहेब वाटाड्याला म्हणाले, वीज गेली म्हणून लिही, विषय संपव. त्याने अहवालात लिहिलं, ‘चूक माझी. वाट तोंडी सांगितली, फाईलमध्ये लिहिली नाही.’ खाली सही. साहेब चिडले. हात दाखवून अवलक्षण, म्हणाले. त्याला सर्व्हरवरून काढून खाली कोठारात बसवलं, जुने कीबोर्ड नि माऊस मोजायला. वीस वर्षं ज्याने रस्ते बांधले त्याच्यापुढे तुटक्या माऊसचा ढीग! आणि तो ते मोजत बसला.

चौथ्या दिवशी तो माझ्या दाराशी आला. घरात आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहिला, चप्पल पायातच.

‘‘ताई, चूक माझी आहे,’’ म्हणाला. ‘‘त्या दिवशी लिहायचं राहिलं. मी चिमटा लावला होता. नक्की लावला होता. पण कधी काढला, ते काही केल्या आठवत नाही.’’

दार उघडलं तेव्हा मी त्याला खायला उठणार होते. आईची चटई अजून खोलीत तशीच होती. शिव्या तोंडावर आल्या होत्या. आणि तो ‘चिमटा’ म्हणाला, आणि मला तो कारकून दिसला, ती खिडकी दिसली, माझा स्वतःचा हात दिसला. मी दार लावून घेतलं.

तो समजला, मला त्याचं तोंड बघायचं नाही. मी त्याला तसं समजू दिलं.

दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये जाऊन मी जुना अ‍ॅप्रन बघितला. चिमटा होता. बाणाची शाई जरा पसरली होती, एवढंच. मी तो रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. पुढची सात वर्षं पर्स बदलल्या, चिमटा बदलला नाही.

तुम्ही म्हणाल, सांगितलं का नाही? अहो, मलाही हेच विचारायचंय. पहिले काही महिने तर मी रागावलेलीच राहिले, मुद्दाम. त्याचा राग करत राहिलं तर आपल्याकडे बघावं लागत नाही ना. तो कँटीनमध्ये यायचा, मला बघायचा आणि चहा न घेता परत जायचा. मी तो जाईपर्यंत कपात बघत बसायचे. आणि तो चिमटा शोधत होता. लिफ्टवाल्याला विचारलं, झाडूवालीला विचारलं, त्या कारकुनालासुद्धा विचारलं. कारकुनाला आठवत होती ती फक्त माझी बोलणी. मला एकटीला त्याने विचारलं नाही. कोणत्या तोंडाने विचारणार, असं त्याला वाटत असणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा दुसऱ्याच्या काखेत होता, आणि ती दुसरी गप्प होती.

तो निवृत्त झाला तेव्हा कोठारातच छोटासा समारंभ केला. मी चिमटा घेऊन गेले होते. घरून निघताना वाक्यसुद्धा जुळवलं होतं. भाषणं झाली, कुणीतरी शाल दिली. सगळे पांगल्यावर तो आपणहून माझ्यापाशी आला. केस पार पांढरे झाले होते.

‘‘ताई, अजून राग आहे?’’

‘‘नाही हो,’’ मी म्हटलं. ‘‘राग नाही.’’

तो थांबला. मी आणखी काही बोलेन अशी वाट बघत थांबला, अगदी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसायचा तसा, शांतपणे. माझा हात पर्समध्ये होता, रुमालावर. मी म्हटलं, ‘‘वहिनींना सांभाळा.’’ तो मान हलवून गेला. मी त्या माऊसच्या ढिगाजवळ उभी राहून रडले, आणि चोरासारखे डोळे पुसून घरी आले.

त्यानंतर दोन वर्षांनी तो वारला. फुप्फुसाचा आजार होता, महिनाभर अंथरुणाला होता, हे मला नंतर कळलं. आठव्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. दोन खोल्या, पुढे गॅलरी, गॅलरीत दोरी. वहिनी एका हाताने कपड्यांच्या घड्या घालत बसल्या होत्या. दुसरा हात मांडीवर नुसता ठेवलेला. बोलणं हळू, एकेक शब्द शोधून आणल्यासारखं.

‘‘बसा, ताई. तुमचं नाव... फार काढायचे.’’

मी बसले.

‘‘शेवटपर्यंत तेच. तो चिमटा कुठे पडला असेल गं, म्हणायचे. मी सांगायचे... मीच काढला, दोरीवर लावला. तर हसायचे. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणायचे. तू तर तेव्हा शुद्धीवर नव्हतीस.’’ त्यांनी एक शर्ट उचलला, घडी नीट येईना, पुन्हा झटकला. ‘‘पण माझ्यामुळेच ना ते. मी पडले नसते तर... लिहून झालं असतं त्यांचं. तुमची आई...’’

‘‘वहिनी, गप्प बसा,’’ मी ओरडलेच. जन्माची खोड. मग पर्स उघडली, रुमाल सोडला आणि चिमटा त्यांच्या मांडीवर ठेवला. सगळं एका दमात सांगितलं. कारकून, खिडकी, माझा राग, माझा हात, अ‍ॅप्रन. दार का लावलं ते. निवृत्तीच्या दिवशी काय बोलले आणि काय बोलले नाही ते. काही शिल्लक ठेवलं नाही.

त्यांनी चिमटा उचलला. अंगठ्याने बाण चाचपला. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि द्याव्यात असं वाटत होतं.

‘‘महिनाभर घरीच होते हो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शुद्धीवर होते. आधी आणला असतात... तर त्यांच्या हातात दिला असता.’’

मी गॅलरीकडे बघितलं. दोरीवर चिमट्यांची रांग होती, मधे एक जागा रिकामी. मला वाटलं, तिथे लावतील. त्या लावायला उठल्या नाहीत. चांगल्या हाताने त्यांनी माझा हात ओढला, तळव्यावर चिमटा ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.

‘‘तुमच्याकडेच असू दे,’’ म्हणाल्या, आणि पुन्हा शर्टाची घडी घालायला लागल्या.

माझ्याकडेच आहे.